पंख्याचं विमान

कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू म्हणालास, जेटच्या जमान्यात पंख्याच्या लढाऊ विमानाचं कसलं कौतुक? तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. ते मनातून जाईना, म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

काल उद्यमनगरात शेड बंद करण्याआधी टेबलावर खडूनं एक गोल काढला, सहा इंच एक सूत व्यासाचा. अमेरिकेच्या डग्लस कंपनीच्या स्कायरेडर विमानाला जे राइट इंजिन होतं, त्याच्या एका सिलिंडरचं हे बोअर. त्यात आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, उभा केला, तर चहूबाजूंनी दोन बोटं जागा उरली. असे अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन ओळींत, गोलाकार. ताकद 2,700 हॉर्सपॉवर. बराच वेळ त्या गोलाकडं बघत उभा होतो बघ.

18 मार्च 1945 ला हे विमान पहिल्यांदा उडालं. महायुद्ध संपलं, जेट आली, तरी 1957 पर्यंत 3,180 विमानं तयार झाली. जेट वरून सुसाट निघून जातं. हे मात्र साडेतीन टनांहून जास्त ओझं घेऊन एकाच जागेवर तासन्‌तास घिरट्या घालायचं. खालचा माणूस आपला की परका, हे वैमानिकाला डोळ्यांनी बघता यायचं.

2019 च्या महापुरात माझी मावशी शिरोळकडं माडीवर अडकली होती, तुला आठवतंय ना? ती अजून सांगते, अन्नाची पाकिटं नंतर पडली, पण हेलिकॉप्टर घरावर फिरतंय हे कानावर आलं आणि तिथंच अर्धा जीव भांड्यात पडला. व्हिएतनामच्या जंगलात पडलेल्या अमेरिकन वैमानिकांचं तसंच होत असणार. त्यांना शोधून काढायला आणि सुटकेचं हेलिकॉप्टर येईपर्यंत शत्रूला रोखून धरायला स्कायरेडर यायची. रेडिओवर त्यांचं नाव 'सँडी'.

10 मार्च 1966 ला तर मेजर बर्नार्ड फिशरनं कमाल केली. आ शाऊ खोऱ्यात मायर्स नावाच्या साथीदाराचं विमान जळत धावपट्टीवर उतरलं. पट्टी शत्रूच्या माऱ्यात, तिच्यावर सगळा मोडका पत्रा पसरलेला. फिशर सरळ तिथं उतरला, मायर्सला ओढून शेजारच्या सीटवर घेतलं आणि परत उडाला. विमानाला गोळ्यांची 19 भोकं. हे वाचताना अंगावर काटा आला रे.

हे विमान बऱ्याच देशांनी वापरलं. ब्रिटिश नौदलानं पोटाखाली रडार लावून ते टेहळणीला ठेवलं. त्यातलीच काही स्वीडननं घेतली, नेमबाजीच्या सरावासाठी निशाण ओढायला. फ्रान्सनं अल्जीरियात वापरलं आणि पुढं त्यांची विमानं चाड, गॅबन असल्या आफ्रिकेतल्या देशांत गेली. दक्षिण व्हिएतनामकडं तर भरपूर होती, आणि त्यांच्याच एका स्कायरेडरनं 8 जून 1972 ला ट्रांग बांग गावाजवळ आपल्याच माणसांवर नापाम, म्हणजे आग लावणारा बॉम्ब, टाकला. अंगावरचे कपडे जळून गेलेली, रस्त्यावर रडत धावणारी नऊ वर्षांची किम फुक तू फोटोत पाहिली आहेस. मला या विमानाचं प्रेम आहे दत्ता, पण तो फोटो बाजूला सारून मला त्याच्याबद्दल बोलता येत नाही. खालचं इतकं स्पष्ट दिसणाऱ्या विमानातून हे झालं, याचा त्रास जास्त होतो.

आता तुझ्या प्रश्नाकडं येतो. खाली नजर ठेवत घिरट्या घालायचं स्कायरेडरचं काम आज ब्राझीलचं सुपर टुकानो करतंय. 1999 मध्ये उडालं, यालाही पंखाच, फक्त तो टर्बाइनवर फिरतो, 1,600 हॉर्सपॉवर. ब्राझीलला अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर चोरटी विमानं अडवायला असलंच काहीतरी हवं होतं. कोलंबियानं मार्च 2008 मध्ये त्याच विमानांनी इक्वाडोरच्या हद्दीत घुसून बंडखोरांचा तळ उडवला, तर पुढं इक्वाडोरनंही तीच विमानं विकत घेतली! फिलिपिन्स, नायजेरिया, इंडोनेशिया, लेबनॉन, सगळ्यांकडं ती आहेत. डिसेंबर 2024 मध्ये पोर्तुगालनं 12 मागवली. ज्या देशाला आपल्याच डोंगर-जंगलावर रोज नजर ठेवायचीय, त्याला जेटचा खर्च कसा झेपणार?

आता आबांसाठी एक काम. ते आग्र्याला हवाई दलाच्या ज्या पॅकेट मालवाहू विमानांवर फिटर होते, त्यांना स्कायरेडरच्याच घराण्यातलं इंजिन होतं. असं गोल इंजिन बराच वेळ बंद राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं, म्हणून चालू करण्याआधी पंखा हातानं फिरवावा लागतो, असं मी वाचलंय. ते किती पाती मोजायचे आणि अडकल्याचं हाताला कसं कळायचं, एवढं त्यांना विचार. जमलं तर त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. त्यांचा हात आता थरथरतो म्हणालास, तर तू लिही, ते सांगतील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा
बाळू