'मॅडम, फोन ठेवा' म्हणणाऱ्या मुलाला

प्रिय मुला,

तुझं नाव मला माहितीये पण लिहीत नाही, कंपनीचंही लिहीत नाही. तू केलंस ते तुमच्या नियमात बसतं की नाही कोण जाणे, माझ्या कौतुकापायी तुला मेमो मिळायला नको. मी सांगलीची, लॅपटॉपची बॅटरी फुगल्याची तक्रार केलेली, शेवग्याच्या शेंगा. एवढ्यावर तुला आठवलं असणार.

फोनवर मी तुला अहो-जाहो केलं होतं (शिव्या देऊन झाल्यावर). इथे अरे-तुरे करते, रागावू नकोस, ३१ वर्षं प्राथमिक शाळेत काढली, तुझ्या वयाची पोरं अजून रस्त्यात वाकून नमस्कार करतात.

तू फोन केलास तेव्हा मी तुझ्यावर एवढी का ओरडले ते तुला कळलं नसेल. ते आधी सांगते.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी पूजेची पीडीएफ शोधत होते. कुठल्या तरी साइटवर बोट पडलं आणि सगळी स्क्रीन लाल, भोंगा वाजायला लागला, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा'. मी केला. केला म्हणजे काय, धावत जाऊन चष्मा आणून केला. पलीकडचा माणूस इतका गोड हिंदी बोलत होता की विचारू नको, 'माताजी आप घबराइए मत'. त्याने एनीडेस्क डाउनलोड करायला लावलं, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप, नऊ आकडी नंबर विचारला आणि माझ्या डोळ्यांसमोर बाण आपोआप फिरायला लागला. मग कसली तरी यादी उघडून दाखवली, लाल फुल्या, पिवळे त्रिकोण, खाली खाली शेकडो, म्हणे हे सगळे व्हायरस. ती यादी म्हणजे विंडोजची रोजची नोंदवही असते, इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात, आणि असल्या फुल्या धडधाकट मशीनमध्येसुद्धा असतात हे मला नंतर कळलं. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, असं ती कंपनी स्वतःच सांगते, हेही नंतरच. १४,९९९ रुपये गेले. तीन वर्षांचा सिक्युरिटी प्लॅन म्हणे.

गेले ते गेले. त्याहून जास्त लागलं ते पुढचं.

बँकेत गेले तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, 'शिक्षिका होतात ना तुम्ही? पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार.' मागे रांगेत माझ्याच शाळेतल्या एका मुलीची आई उभी होती. ज्या दुकानात लॅपटॉप दाखवला त्याने ११ दिवस ठेवून घेतला, फॉरमॅट मारला, फोटो गेले आणि वर ज्ञान दिलं, 'काकू, तुमच्या वयाला मोबाईल पुरे.' पुतण्याने सावधान राहा छापाचे मेसेज पाठवायचा सपाटा लावला, त्यातले निम्मे स्वतःच खोटे. आणि आमचे हे! हे म्हणाले मी शोधतो कंपनीचा खरा नंबर, गुगलवर टाकलं आणि जो पहिला आला तो फिरवला, तोही भामटाच निघाला. त्याने यांच्याकडे कार्डावरचे आकडे मागितले तेव्हा कुठे यांनी फोन आपटला. तेव्हापासून घरात तो विषय बंद.

असं झालं की १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा असतो हे मला माहीत होतं, खोटं नाही बोलत. प्रत्येक फोनच्या आधी ती ट्यून वाजायची की महिनोन्महिने. पण मी चार दिवस केलाच नाही. लाज वाटली. आणि त्यात तर वेळेचाच खेळ असतो, पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उडायच्या आत अडवला तर अडवला. चार दिवसांनी काय अडवणार, कपाळ? तिथली मुलगी मात्र चांगली बोलली, 'आधी का नाही केला' असं एकदाही म्हणाली नाही.

मग गणपती झाले आणि बॅटरी फुगली. टचपॅड वर उचलला गेला, झाकण लागेना. मुलाने, तो जर्मनीत असतो, तिथूनच कंपनीच्या साइटवर तक्रार टाकली, वॉरंटी होती. म्हणाला आई, कंपनीचा माणूस फोन करेल. मी वॉरंटी कार्डावरचा बंगळूरूचा नंबर, ०८० वाला, कार्ड डोळ्यांजवळ धरून फोनमध्ये सेव्ह केला, लॅपटॉपवाले असं नाव देऊन. म्हटलं आता फसणार नाही.

आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, स्क्रीनवर नाव काय? लॅपटॉपवाले!

तू नव्हतास तो. तो म्हणाला, तुमचा सिक्युरिटी प्लॅन कॅन्सल झालाय, १४,९९९ परत देतोय, लॅपटॉप चालू करा. त्याला माझं नाव माहीत, मॉडेल माहीत, मागची रक्कम पैशासकट माहीत. असणारच, पहिल्यांदा आत शिरले तेव्हाच सगळं टिपून घेतलेलं. पण तेव्हा माझं डोकं कुठे चालतंय, नाव दिसतंय ना स्क्रीनवर! मी पुन्हा तो नऊ आकडी नंबर वाचायला लागले. सहा आकडे झाले आणि लाईट गेली. फुगलेल्या बॅटरीने लॅपटॉप एक मिनिटही धरत नव्हता, खट्कन बंद. मी सांगितलं लाईट गेली. तर तो मघाचा गोडबोल्या एकदम, 'ए बुढिया, नाटक मत कर.'

बुढिया म्हणाला म्हणून वाचले. बुद्धीने नाही वाचले हे तुला मोकळेपणाने सांगते.

त्या रात्री मुलाला फोनवर म्हटलं, अरे पण नंबर खरा होता! तेव्हा त्याने मला समजावलं ते मी तुला सांगते, तुला माहीतच असेल पण इथे वाचणाऱ्या माझ्यासारख्यांना नसेल. म्हणाला, आई, आंतरदेशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायची जागा असायची ना? तिथे तू राष्ट्रपती भवन लिहिलंस तर पोस्टमन तपासायचा का? नाही. फोनचं तसंच. समोर जो नंबर दिसतो तो पाठवणाऱ्या बाजूने लिहिलेला असतो, इंटरनेटवरून फोन लावणाऱ्याला तो हवा तो लिहिता येतो, पुढची एक्सचेंज बहुतेक वेळा तो तसाच पुढे ढकलते. आणि तुझा मोबाईल काय करतो, तो नंबर तुझ्या यादीत शोधतो आणि तूच दिलेलं नाव तुला दाखवतो. म्हणजे मी सेव्ह केलं म्हणून ते जास्त खरं वाटलं, बघ!

परदेशातून येऊन भारतातला नंबर दाखवणारे फोन अडवायला सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये यंत्रणा बसवली, पहिल्या २४ तासांत म्हणे १ कोटी ३५ लाख फोन अडवले. एका दिवसात. ऐकून धीर यायचा की भीती वाटायची तेच मला ठरवता येईना. चाळणीतून काही गळतंच, आणि सगळे भामटे काही परदेशात बसलेले नसतात. २०१६ मध्ये आपल्या मीरा रोडला कॉल सेंटरं पकडली होती, तिथून पोरं अमेरिकेतल्या लोकांना टॅक्स ऑफिसर बनून धमकवायची. तेव्हा बातमी वाचून मी म्हणाले होते, ही अमेरिकन माणसं इतकी कशी भोळी. देवाने ऐकलं असणार ते.

तर अशा अवस्थेत तुझा फोन आला. अनोळखी नंबर. 'नमस्कार मॅडम, मी अमुक कंपनीतून, तुमच्या बॅटरीबद्दल.' मी जे तोंड सोडलं! तुझ्या आईने हेच शिकवलं का, म्हाताऱ्या माणसांना लुबाडून पोटं भरता, सांगलीची बाई आहे, पोलिसात देईन. दीड-दोन मिनिटं तरी. यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

तू मध्ये एकदाही बोलला नाहीस. मी दम खायला थांबले तेव्हा तू म्हणालास, 'मॅडम, बरोबरच करून राहिल्या तुम्ही. माझ्यावर विश्वास नका ठेवू. फोन ठेवा, आणि कार्डावर जो नंबर आहे तो तुम्ही स्वतः लावा. मी नोंद करून ठेवतो.' आणि मग गप्प. मी ठेवायची वाट बघत.

त्या गप्प बसण्याचं मला किती वाटलं ते कसं सांगू. त्या 'करून राहिल्या'वरून कळलं की पोरगा नागपूरकडचा दिसतोय, तेवढंच. पण महिनाभर मला जो तो काहीतरी करायला लावत होता, हे दाबा, ते सांगा, ठेवू नका, लाईनवर राहा, बँकेत जाऊ नका, घरी कुणाला बोलू नका. भामटा कधी म्हणेल का ठेवा फोन? त्याचा जीव त्या तारेत अडकलेला असतो. तुझं काहीच अडलेलं नव्हतं. उलट तुझा एक कॉल फुकट गेला, तुमच्याकडे तर मिनिटांचे हिशेब असतात असं ऐकलंय. आणि तू एका शब्दानेही दुखावला नाहीस, 'मॅडम मी चोर नाही' असंही म्हणाला नाहीस.

मी फोन ठेवला. कार्ड काढलं. या वेळी मी लावला, आणि पत्राचंच पुढे चालवायचं तर मागच्या पत्त्यावर कुणी काहीही लिहो, आपण समोर जो पत्ता घालतो तिथेच आपलं पत्र जातं. २० मिनिटं ती पिपाणी ऐकवली तुमच्या कंपनीने, तेव्हा मात्र खात्री पटायला लागली, कारण भामट्यांनी मला एकदाही होल्डवर ठेवलं नव्हतं हो! मग एक मुलगी आली, तक्रार नंबर विचारला आणि वाचून हसली. म्हणाली, 'इथे लिहिलंय, मॅडम स्वतः फोन करतील, त्यांना घाई करू नये, सगळे प्रश्न विचारू द्यावेत.'

घाई करू नये. हे तू लिहिलंस. मी तुला चोर म्हटल्यावर लगेच बसून.

तिने तुला जोडून दिलं. मी माफी मागायला लागले तर तू विषयच बदललास, म्हणालास इंजिनीअर येईल तो त्याच्या खाजगी मोबाईलवरून फोन करेल, तुम्हाला परत तोच प्रश्न पडेल, तर मला एक शब्द सांगा, कुठलाही, मी तो तक्रारीत टाकतो, तो शब्द जो बोलेल तोच आपला. समोर खिडकीत शेवगा होता. मी म्हटलं शेवग्याच्या शेंगा. तू म्हणालास, 'हा तर दोन शब्दांचा झाला, चालते.'

आणि तिसऱ्या दिवशी फोन वाजला, अनोळखी नंबर, एक घोगरा आवाज, थोडा लाजल्यासारखा, 'हॅलो... शेवग्याच्या शेंगा.' मी इतकी हसले की यांना वाटलं लागलं मला काही. मिरजेहून आला बिचारा पावसात. बॅटरी बदलली, जुनी सोबत नेली, एनीडेस्क राहिलंय का तेही न सांगता बघितलं, एक रुपया मागितला नाही, ओटीपी नाही, काही नाही. चहा घेतला आणि जाताना खरोखरच्या शेंगा घेऊन गेला.

लोक म्हणतात जमाना वाईट आलाय. असेल. पण मला त्या महिन्यात वाईट वागणारे सगळेच काही भामटे नव्हते, बँकेतला तो काय भामटा होता का, सरळ नोकरदार माणूस. दुकानदारही. त्यांना फक्त समोरच्याला चार वाक्यं जास्त बोलू द्यायला जड जात होतं. आणि तू, ज्याने माझा चेहरा पाहिला नाही, पुढे कधी पाहणार नाहीस, दिवसाला असले ५०-६० फोन करत असशील, तू माझ्या संशयाला मान दिलास. दुसरा शब्द सुचत नाही मला. वर्गात एखादं पोर 'बाई, तुम्ही फळ्यावर चुकलात' म्हणायचं तेव्हा आम्ही त्याला खाली बसवायचो. तू बसवलं नाहीस.

आता हे पत्र असं जाहीर का लिहिलं ते सांगते. इंजिनीअर गेल्यावर तासाभराने मेसेज आला, तुमचा अनुभव कसा होता, १ ते ५ पैकी गुण द्या, खाली लिंक. निळी. बोट जवळ नेलं आणि थांबले. खरा असेल मेसेज, ९९ टक्के खरा असेल, तुझ्या पगारवाढीचाही प्रश्न असेल त्यात. पण मी नाही दाबली. कार्डावरच्या नंबरवर फोन करून म्हटलं माझे गुण तोंडी लिहून घ्या, तर म्हणाले तशी सोय नाही.

तेव्हा साहेबांनी विचारलं की सांगलीच्या त्या बाईंकडून रेटिंग का नाही आलं, तर हे दाखव. पाचपैकी पाच. आणि अक्षर चांगलं असतं तर एक गुण वरचा देते, पण तू काही हाताने लिहिलं नाहीस.

तुझी,
शेवग्याच्या शेंगावाली बाई