आईचे गुडघे आणि अरोसाच्या खारी

झुरिक, रविवार दुपार

प्रिय आई, बाबा, दादा, वहिनी,

ग्रुपवर लिहायला बसले होते, तीन मेसेज टाईप करून पुसले, कारण तिथे मी एक ओळ लिहिली की दादा पाच लिंका टाकतो आणि मग बंटी त्यावर स्टिकर, विषय तिथेच बुडतो. म्हणून सरळ पत्रच लिहितेय. बाबांनी जेवणं झाल्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आणि दादाने मधे बोलायचं नाही.

तर तुमच्या हिवाळ्यातल्या स्वित्झर्लंडच्या ट्रिपची गाडी आत्ता कुठे अडकलीये ते सांगते. दादाला झर्मॅटच पाहिजे कारण त्याच्या हॉस्टेलच्या भिंतीवर तिथल्या मॅटरहॉर्न डोंगराचं पोस्टर होतं, बाबांना युरोपातल्या सगळ्यात उंच रेल्वे स्टेशनवर चहा प्यायचाय, वहिनीला जिथे हिंदी सिनेमांचं शूटिंग झालं तिथे फोटो हवेत, पोरांना स्कीइंग, आणि आई म्हणते "तुम्ही ठरवाल तिथे". बाकी कुणाचं काही असो, मला हे आईचं वाक्य ऐकून धडकी भरते. मनालीला पण ती हेच म्हणाली होती ना? आपण सगळे ते भाड्याचे केसाळ कोट आणि गमबूट घालून बर्फात लोळत होतो, याकबरोबर फोटो काढत होतो (बाबांचा तो तपकिरी कोटातला फोटो अजून शोकेसमध्ये आहे), आणि आई सुमोच्या मागच्या सीटवर पिशव्या सांभाळत तीन तास बसून होती. कुणाच्या लक्षातपण आलं नाही. माझ्यापण नाही, मी तेव्हा आठवीत होते.

इथे सहा वर्षं काढल्यावर मला एवढं कळलंय की स्कीइंगची जागा ठरवताना जो स्कीइंग करणार नाहीये त्याच्यापासून सुरुवात करायची. करणारा कुठेही खूश असतो, त्याला उतार दिला की झालं. पण सकाळी नऊला पोरं स्की स्कूलला गेली की चार वाजेपर्यंत बाकीच्यांनी काय करायचं? हॉटेलच्या लॉबीत बसून काचेतून डोंगर बघायचा? तुम्ही सातजण येणार त्यात (आम्ही दोघं धरून नऊ) स्की लावणारे जास्तीत जास्त पाच, त्यात वहिनी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सोडून देईल असा माझा अंदाज आहे, वहिनी सॉरी.

आता सातवं कोण तर मावशी, तिला मी विचारलंय, ती येतेय. आईला कंपनी.

आधी माझी फजिती सांगते म्हणजे दादाला वाटणार नाही की मी उगाच शहाणपणा करतेय. पहिल्या हिवाळ्यात आम्ही स्वस्त मिळालं म्हणून एक गाव बुक केलं होतं, नाव नाही लिहीत, उंची जेमतेम हजार मीटर. वेबसाईटवर पांढराशुभ्र फोटो. प्रत्यक्षात पोचलो तर पाऊस! छत्री घेऊन स्कीइंगला गेलेलं मुंबईचं पहिलं जोडपं आम्हीच असू. अख्खा डोंगर हिरवा-तपकिरी आणि त्याच्या मधोमध मशीनने पाडलेल्या बर्फाची एक बारकी पट्टी, सारवलेल्या अंगणात कुणीतरी रांगोळीची एकच रेघ ओढून निघून जावं तशी. त्या मशीनलासुद्धा शून्याच्या खाली दोन-तीन अंश थंडी लागते, तेवढीही नव्हती. पैसे परत नाहीत. तेव्हापासून मी आधी उंची बघते, मग किंमत. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, त्यामुळे खाली पाऊस असतो तेव्हा वर बर्फ असतो, एवढं साधं आहे.

पण मग लगेच दुसऱ्या टोकाला जायचं नाही. बाबा, तुमचं ते सगळ्यात उंच स्टेशन, योंगफ्राउयोख, ३४५४ मीटरवर आहे. १९१२ साली डोंगराच्या पोटातून बोगदा काढून रेल्वे नेलीये, तुम्हाला ते बघायचंय ते मला पूर्ण कळतं, अख्खी नोकरी रेल्वेत गेली तुमची. पण दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये आणि अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास धडधाकट माणसालापण होतो. झर्मॅटची वरची केबल कार तर ३८८३ मीटरवर जाते. तुमचे डॉक्टर हो म्हणाले तर एक दिवस जाऊन येऊ, खाली उतरताना इंटरलाकेनला वहिनीसाठी यश चोप्रांचा पुतळा पण आहे, एका दगडात दोन पक्षी. डॉक्टर नाही म्हणाले तर मला "अगं काही होत नाही" म्हणायचं नाही.

झर्मॅटबद्दल दादा, जागा जबरदस्त आहे, वाद नाही. गावात पेट्रोलच्या गाड्या नाहीत, तेश नावाच्या गावात गाडी लावायची आणि पुढे ट्रेनने, म्हणजे दस्तुरी नाक्याला गाडी सोडून माथेरानला जातो तसंच, फक्त घोडेवाले मागे लागत नाहीत. वर ग्लेशियर असल्यामुळे तिथे वर्षभर स्कीइंग चालतं. पण अरे आपण पहिल्यांदा शिकणार आहोत. शिकाऊ माणसाला पहिले तीन दिवस लागतो तो दीडशे फुटांचा सपाटसर उतार आणि एक सरकता पट्टा, एअरपोर्टवर बॅगा येतात तसा, त्यावर उभं राहून वर जायचं, घसरत खाली यायचं, परत वर. तेवढ्यासाठी मॅटरहॉर्नचे पैसे कशाला भरायचे? मोठ्या ठिकाणी एका मोठ्या माणसाचा लिफ्टचा एका दिवसाचा पास ८० फ्रँकच्या पुढे जातो आणि फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे, तूच गुणाकार कर. पट्ट्यावर शिकणाऱ्याला अख्ख्या डोंगराचा पास सहसा लागतच नाही. आणि तू शिवाजी पार्कला कितीही सिक्स मारत असलास तरी पहिल्या दिवशी तुला चार वर्षांची पोरं ओव्हरटेक करणार आहेत, काठ्यापण न घेता. ती शिकतात पण गंमतशीर, स्कीची पुढची टोकं जवळ आणली की 'पिझ्झा', म्हणजे ब्रेक, सरळ केली की 'फ्रेंच फ्राईज', म्हणजे सुसाट. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा माझ्यामागून आमचे सर "पिझ्झा! पिझ्झा!" ओरडत होते आणि मी फ्रेंच फ्राईज अवस्थेत थेट कुंपणाच्या जाळीत. लागलं नाही. चष्मा मात्र मार्च संपताना बर्फ वितळल्यावर मिळाला असेल कुणाला तरी.

मग माझं म्हणणं अरोसा. नाव ऐकलं नसेल, टूरवाले नेत नाहीत. गाव १७७५ मीटरवर, म्हणजे गावच कळसूबाईपेक्षा उंच (ते १६४६, बाबा कॉलेजमध्ये चढले होते ते), त्यामुळे बर्फाची भीती कमी आणि झोपायला त्रासदायक होईल इतकं उंचपण नाही. शेजारच्या लेन्झरहाइडेशी ते केबल कारने जोडलंय, दोन्ही मिळून सव्वादोनशे किलोमीटरचे उतार आहेत, तेव्हा दादा तू चौथ्या दिवशी खरंच उडायला लागलास तर जागा कमी पडायची नाही. उतारांना रंग असतात, निळा सोपा, लाल मध्यम, काळा तुझ्यासाठी नाही.

आणि बाबा, तिथे जायची रेल्वे! खूर नावाच्या गावातल्या स्टेशनच्या बाहेरून सुटते, आधी चक्क गावातल्या रस्त्यावरून ट्रामसारखी जाते, बाजूला सायकली, दुकानं, आणि मग दरीत शिरते. २६ किलोमीटरमध्ये हजारेक मीटर चढते, तासभर लागतो. मीटर गेज. ६० पर मिल चढ (हजार मीटरला ६० मीटर) आणि मधे दात्यांचा रूळ नाही, नुसत्या चाकांच्या पकडीवर. नेरळ-माथेरानचा चढ विसात एक ना, म्हणजे ५०? तुमच्या तोंडून शंभर वेळा ऐकलंय म्हणून लक्षात राहिलं. मधे लांगवीसचा काँक्रीटचा पूल लागतो, १९१४ सालचा, खाली नदी ६२ मीटरवर. उजव्या की डावीकडच्या खिडकीत बसायचं ते मी सांगणार नाही, तुम्ही दोन्हीकडे पळत बसाल हे मला माहितीये. रेल्वेच्या स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ही ट्रेन येते आणि १६ वर्षांखालची मुलं आई-वडिलांच्या पासबरोबर फुकट, त्यासाठी वेगळं फॅमिली कार्ड मागून घ्यायचं, तेपण फुकट.

आई, आता तुझं आणि तुझ्या गुडघ्यांचं. अरोसात बर्फातून चालायचे रस्ते वेगळे दाबून सपाट केलेले असतात, तिथे स्कीवाले येत नाहीत, दर थोड्या अंतरावर बाक. बग्गी आहे, घोड्याची. वाइसहॉर्न शिखरावर केबल कारने नुसतं बसून जाता येतं, वर काचेचं रेस्टॉरंट आहे, चालायची पाळी येत नाही, पण ते २६५३ मीटर, म्हणून थोडाच वेळ थांबायचं. पण मी हे सगळं ज्यासाठी लिहितेय ते म्हणजे खारींची वाट. झाडीतून जाणारी एक पायवाट आहे, खिशात हेझलनट घेऊन जायचं, बिनमीठाचं, आणि गप्प उभं राहायचं. गेल्या फेब्रुवारीत मी हात पुढे करून उभी होते, हातमोजा काढलेला, बोटं बधिर. पाच मिनिटांनी एक आली, आपल्या पट्टेवाल्या खारींपेक्षा मोठी, काळपट तपकिरी, कानांवर केसांचे उभे झुबके. आधी बुटावर, मग गुडघ्यावर, मग तिने एक पंजा माझ्या अंगठ्यावर टेकवला, वजन घेतल्यासारखा, दाणा उचलला, दातात फिरवून बघितला आणि नापसंत म्हणून टाकून दिला. दुसरा घेतला. मला तेव्हा तूच आठवलीस, भाजीवाल्याकडे भेंडीची टोकं मोडून बघताना. तुझी न् तिची जमेल.

कधी यायचं त्यावर दादाचं दिवाळीचं होऊ शकत नाही, तेव्हा ग्लेशियर सोडून सगळं बंद असतं, लिफ्टवालेसुद्धा सुट्टीवर. मे महिन्यात बर्फ गेलेला आणि फुलं आलेली नसतात, नुसता चिखल. नाताळात सगळ्यात महाग आणि फ्लॅट शनिवार ते शनिवारच देतात, लोक वर्षभर आधी बुक करतात. फेब्रुवारीत इथल्या शाळांना खास बर्फाची सुट्टी असते, तेव्हापण गर्दी. मधे जानेवारीत मात्र सगळे नाताळचा खर्च करून कंगाल झालेले असतात, त्याला इथे चक्क 'जानेवारीचं भोक' म्हणतात. त्या भोकातून आपण शिरायचं. २६ जानेवारीच्या आसपास. बंटी सातवीत, चिऊ दुसरीत, आठ दिवस शाळा बुडली तर काही बिघडत नाही, वहिनी तू बाईंना काय सांगायचं ते सांग, ताप आला सोडून काहीही, कारण दोघं गोरी-काळी होऊन परत येणार आहेत. बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं, चष्म्याच्या जागी पांढरं आणि बाकी करपलेलं. सनस्क्रीन मी इथून घेते.

मी एक किचनवाला फ्लॅट धरून ठेवलाय, पुढच्या रविवारपर्यंत फुकट कॅन्सल होतो. किचन हवंच, एक तर बाहेर नऊ जणांचं जेवण म्हणजे दिवाळं, आणि दुसरं म्हणजे चीज फोंड्यूत वाईन असते, आईच्या गुरुवारी काय करायचं. बटाट्याची रोश्टी चालेल सगळ्यांना, फक्त वर बेकन नको म्हणून आधी सांगावं लागतं. कुकर माझा नेते, इंडक्शनचा आहे, त्या उंचीवर पाणी ९४ अंशालाच उकळतं, पातेल्यात डाळ ठेवली तर आपण परत जायच्या दिवशी शिजेल. आई, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आण. तूप, पेढे, खवा काही नको, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, मागच्या वेळी मावशीने साडीत गुंडाळून आणलेलं तूप मला अजून आठवतंय, या वेळी नको हं मावशी.

व्हिसा सहा महिने आधीपासून मागता येतो, उशीर करू नका. बाबांचा पासपोर्ट बघा, परतीनंतर निदान तीन महिने वैध लागतो. इन्शुरन्स ३० हजार युरोचा सक्तीचा आहेच पण त्यात विंटर स्पोर्ट्स आहे का ते एजंटला तोंडी न विचारता लिहून घ्या, नसेल तर पाय मोडून डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवलं की बिल आपल्या बोकांडी.

गणपतीला सगळे घरी जमाल तेव्हा ठरवून मला कळवा, पण त्याच्या आधी एक काम आजच करा. स्कीचे बूट सेंटीमीटरच्या मापाने मिळतात. सगळ्यांनी वर्तमानपत्रावर पाऊल ठेवून पेन्सिलने कड काढा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टीने मोजा, कागदावर नाव लिहा आणि फोटो पाठवा. आईचंपण. ती म्हणेल मला कशाला, मी कुठे स्की करतेय, तरी तिचं पाऊल आधी काढा. तिच्यासाठी आत लोकर असलेले बूट बघून ठेवलेत, ३७ आणि ३८ मध्ये अडलंय.

तुमची,
छोटी