टायटलवर तुझी सही

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस, इथं सगळे बरे आहोत. आपली जुनी गाडी एका संस्थेला दान देतोय. आत गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद आहे, आणि त्याचा फोटो पाठवून भागत नाही म्हणून हे पत्र. कॉलेजात असताना तुझं नाव त्यावर चढवलं होतं, त्यामुळे तुझी सही झाल्याशिवाय आपली अ‍ॅक्युरा जागची हलणार नाही. मागच्या बाजूला पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्याशेजारी काळ्या पेनाने सही कर. एकदाच. खाडाखोड झाली की कागद बाद, आणि मग डुप्लिकेटसाठी रांगेत मी. संस्थेचं नाव मी आधीच लिहून टाकलंय. ती जागा कोरी ठेवून टायटल दिलं की गाडी कागदोपत्री आपलीच राहते आणि तिच्या पार्किंगच्या दंडाच्या पावत्या वर्षभर आपल्या दारात येतात.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, हे दान नाही, अडगळ काढणं आहे." मी फोन आईकडे दिला, तेव्हा चिडलो होतो हे तुला कळलंच असेल. नचिकेताची गोष्ट तुला लहानपणी मीच सांगितली होती ना? पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या गायी वाटत सुटलेला त्याचा बाप. तो बाप एक दिवस मी निघेन, असं सांगताना वाटलं नव्हतं. आपली गाय २०११ ची, १ लाख ५८ हजार मैल चाललेली.

आता खरं काय झालं ते सांगतो. आधी दानात गाड्या घेणाऱ्या ज्या संस्थेची रेडिओवर सारखी जाहिरात लागते, त्यांना फोन केला. गाडी फुकट ओढून नेतो म्हणाले. विचारलं, गाडी लिलावात विकून जे पैसे येतील त्यातले प्रत्यक्ष कामाला किती पोचतात? "गाडीवर अवलंबून आहे." तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. मधले दलाल किती घेतात हे जे सांगत नाहीत त्यांना लांबूनच नमस्कार.

मग आईच्या मैत्रिणीने एक छोटी संस्था सुचवली. ते जुन्या गाड्या दुरुस्त करून कामाला जाणाऱ्या माणसांना देतात. टर्नपाइक हायवेच्या एक्झिट ८ए जवळच्या गोदामांत रात्री दोनला पाळी सुटली की घरी जायला बस कुठली? मी खुशीत होतो. सात सीटं, लेदर, सनरूफ, कुणाचं तरी नशीब उघडणार! तिकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "प्रीमियम गॅस, म्हणजे महागडं पेट्रोल लागतं ना? गॅलनला अठराएक मैल?" हो म्हणालो. "मग ही कुणाला दिली तर तो माणूस ती पोसू शकणार नाही. आम्ही लिलावात विकू आणि त्या पैशांतून एखादी कोरोला नाहीतर सिव्हिक रस्त्यावर आणू."

म्हणजे आपला अभिमान हा दुसऱ्याच्या दारातला पांढरा हत्ती. दोन दिवस मला ते लागलं. मग आठवलं, या देशात माझी पहिली गाडी कोरोलाच होती. एसी नव्हता, उजवीकडची काच दोरीने बांधलेली. तेव्हा कुणी मला लेदरची सात सीटं दिली असती, तर महिन्याभरात विकून खाल्ली असती. तेव्हा तुझं अर्धं म्हणणं मान्य. अडगळ खरीच. पण ती कुठं जाते हे मी नीट विचारून घेतलंय.

आणि टॅक्सचं म्हणशील, तर गाडी दिली की भरपूर सूट मिळते म्हणणाऱ्या तुझ्या मित्राला सांग की तो जमाना गेला. २००५ पूर्वी लोक जुन्या गाड्यांच्या दरपुस्तकातली किंमत लावून सूट घेत. आता पाचशे डॉलरच्या वर दावा करायचा, तर संस्थेने गाडी विकल्यावर जेवढे आले तेवढीच सूट, आणि तो आकडा संस्थेकडून येणाऱ्या १०९८-सी फॉर्मवर असतो. त्यातही खर्च एकेक करून दाखवणाऱ्यालाच. आपलं घराचं कर्ज फिटलं, आपण स्टँडर्ड डिडक्शनवाले, म्हणजे ठरलेली सरसकट वजावट घेणारे. सूट शून्य. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. पण दानावर दक्षिणा लागते." मला आधी कळलंच नाही. टाकी भरून द्या म्हणत होती! लिलावाला निघालेल्या गाडीत प्रीमियम कोण भरतं? मी भरला. जवळजवळ ऐंशी डॉलर. पंपावरचा मुलगा काच पुसत विचारतो, "लांब निघालात?"

काल गाडी साफ केली. मागच्या पॅनेलवर तो लांब ओरखडा अजून आहे, २०१३ ला प्रॉव्हिडन्सला बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला जाताना ढोलाच्या कडीने पडलेला. तिसरी रांग पाडून दोन ढोल कोंबले होते, आणि तू त्यांच्यावर डोकं टेकून झोपला होतास. पॉलिश लावून पाहिलं, जात नाही. डॅशबोर्डवरचा गणपती सुरीने सोडवला, खाली गोल डाग राहिला. टोलचा ई-झेड पास काढला, गॅरेज उघडायच्या बटणातला कोड पुसला. नंबर प्लेट तेवढ्या राहिल्यात, एक स्क्रू गंजलाय. त्या जमा करून पावती घेतली की मगच इन्शुरन्स बंद करीन.

टो ट्रक पुढच्या मंगळवारी दहा ते दोनच्या मध्ये येईल, म्हणून सही करून लगेच पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. गणपती तुला हवा का? नाहीतर आईच्या गाडीत लावतो.

तुझा,
बाबा

ता. क. तिसऱ्या सीटखाली तुझा फुटबॉलचा एक शिन गार्ड सापडला, डाव्या पायाचा. दुसरा तुझ्याकडे असेल तर सांग, नसेल तर टाकून देतो.