नकाशावर आधी उतार दाखवा, मग परवानगी द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या वडगाव-येळ्ळूर बाजूच्या शिवारात शेतांचे प्लॉट पडत आहेत. पडू देत, लोकांना घरे हवीच आहेत. माझी तक्रार त्यांच्या नकाशांबद्दल आहे. मी आयुष्यभर लेव्हल मशीन (उंच-सखल मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) घेऊन जमिनी मोजल्या. आता निवृत्त आहे, पण ओळखीचे लोक साईट घेण्याआधी कागद दाखवायला येतात. त्या कागदावर रस्ते, प्लॉट नंबर, बाग, सगळे रंगवलेले असते. जमीन कुठे उंच आणि कुठे सखल, याचा मात्र एकही आकडा नसतो.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका लेआउटवर एका नातलगासाठी गेलो. नकाशात गटाराचा बाण पूर्वेकडे होता. मशीन मध्यभागी लावून स्टाफ धरायला लावला. पूर्वेच्या कोपऱ्यात रीडिंग आले ०.९० मीटर आणि पश्चिमेच्या बांधाला २.३५ मीटर. रीडिंग जास्त म्हणजे जमीन सखल. पश्चिम बाजू जवळजवळ पावणेपाच फूट खाली, आणि गटार म्हणे पूर्वेला वाहणार! पलीकडे भाताची मळी होती. तरणा-म्हातारा पाऊस लागला की लेआउटचे सगळे पाणी त्या शेतकऱ्याच्या तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपांत, जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर लेआउट पाडणाऱ्या प्रवर्तकांचे ठरलेले उत्तर असते, ‘मुरूम टाकून लेव्हल करतो.’ एका एकरात सरासरी तीन फूट भर म्हणजे तेराशे ब्रासहून (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) जास्त मुरूम. तो खर्च शेवटी साईट घेणाऱ्याच्याच माथी. शिवाय टिपर आले, ओतून गेले, जेसीबीने वरवर पसरले, याला भर म्हणत नाहीत. आधी वरची पिकाऊ माती काढून बाजूला रचायची. मग नऊ-नऊ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. आमच्या काळ्या जमिनीत तर जास्तच जपायला हवे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर नुसता मुरूम लोटून घर बांधले की दोन-चार वर्षांत भिंतीला तडे. उंच बाजूची माती काढून सखल बाजूला किती भरायची, हा हिशेब कागदावर आधी केला तर बाहेरचा मुरूम बराच कमी लागतो. पण त्यासाठी उंचीचे आकडे हवेत ना!

पाण्याचाही हिशेब अवघड नाही. एका एकरावर एक इंच पाऊस पडला की एक लाख लिटरहून जास्त पाणी होते. शेत असताना त्यातले बरेचसे मुरते, बांधात अडते. छपरे, फरशी आणि डांबर झाले की जवळपास सगळे वाहते. आपल्याकडचा बळ्ळारी नाला फुगून भातशेती पाण्याखाली गेली की आपण पावसाला बोल लावतो.

म्हणून संबंधित खात्याला माझी विनंती आहे. लेआउटला परवानगी देताना उंचीच्या दर अर्ध्या मीटरला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेली लेव्हल शीट सक्तीची करा. तिच्यात आजची आणि भर टाकल्यानंतरची, अशा दोन्ही उंची हव्यात. शेजारच्या शेतातल्याही काही उंची घ्या, कारण पाणी सर्व्हे नंबर पाहून थांबत नाही. ओढे आणि जुन्या पाणंदी जमिनीच्या उताऱ्यावर ‘ब-खराब’, म्हणजे सार्वजनिक वापराची बिनपिकाऊ जागा, म्हणून लागलेल्या असतात. त्या गाव नकाशावरून उचलून जशाच्या तशा दाखवा, प्लॉटच्या पोटात घालू नका. (उतारा कानडीत असला तरी उंचीचे आकडे सगळ्यांना वाचता येतात, तेव्हा भाषेची सबब नको.) आणि जोत्याची उंची रस्त्याच्या मध्यावरून ठरवा. दर डांबरीकरणाला रस्ता वर चढतो आणि जुनी घरे खड्ड्यात जातात, हे शहरात आपण रोज पाहतो.

ज्यांना साईट घ्यायची आहे त्यांनी इसार देण्याआधी ही शीट मागावी. प्रवर्तक टाळाटाळ करू लागला तर चार जणांनी मिळून खासगी सर्वेअर लावावा. मात्र काम मे संपण्याआधी उरकावे. एकदा गवत आणि पाणी माजले की स्टाफ कुठे टेकवायचा हेच कळत नाही.

आपला,
एक निवृत्त सर्वेअर, वडगाव, बेळगाव