गुण आला म्हणजे काय

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर शेवटी तू एक ओळ लिहिली आहेस, "अरे, तीन वर्षं औषधं घेतोयस, मग गुण कसा येत नाही?" त्यात काळजीच आहे, दुसरं काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती ओळ काही डोक्यातून जाईना, कारण मला तिचं उत्तरच देता येईना. गुण आलाय की नाही हे सांगायचं तर आधी गुण कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्यातच माझी ही तीन वर्षं गेली.

एक आधीच सांगून ठेवतो. हे पत्र मी एका बैठकीत लिहीत नाहीये. शेजारी वीस मिनिटांचा गजर लावलेलं घड्याळ आहे. तो वाजला की पेन खाली, मग विचार कितीही रंगात आलेला असो. असं का, तेही पुढे येईलच.

तू गेल्या खेपेला आलास तेव्हा "दिसतोस तर ठणठणीत" म्हणालास. दिसतोच मी ठणठणीत. म्हणून तुला एक सकाळ सांगतो. जाग येते तेव्हा अंग आंबलेलं असतं, आदल्या दिवशी दिवसभर ओझी वाहिल्यासारखं. पलंगाच्या कडेला बसून आधी पायांची बोटं हलवायची, मग घोटे, मग गुडघे. उभं राहायला दहा-बारा मिनिटं लागतात. मोज्याचं इलॅस्टिक जिथे बसतं तिथे संध्याकाळपर्यंत भगभगत राहतं. शर्टाची खांद्यावरची शिवण असते ना, ती कुठून कुठे जाते हे मला न बघता सांगता येतं. एकदा अनघाने मागून येऊन सहज खांद्यावर हात ठेवला आणि मी ओरडलो. तिने हात असा मागे घेतला, जणू तिलाच चटका बसला. तेव्हापासून ती समोर येते, तळहात माझ्यापुढे धरते, आणि मी मान हलवली तरच हात ठेवते. वीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याला हात लावण्याआधी विचारावं लागतं, हे मला दुखण्यापेक्षा जास्त लागतं.

डॉक्टर विचारतात, एक ते दहामध्ये किती दुखतं? एका आकड्यात कसं सांगू? खांद्यांत रग असते. मांडीत चमक निघते आणि जाते. मनगटात ठणका, दाढेत असतो तसा. पाठीला ठुसठुस. आणि या सगळ्याखाली एक बारीक कणकण, ताप नसताना तापासारखी, जी कधीच थांबत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला एवढे शब्द आहेत ते उगाच नाहीत. मी हे सगळे शब्द आता वेगवेगळे ओळखतो.

गजर झाला. उद्या.

काल थांबलो तिथून पुढे. निदान होण्याआधीची दोन वर्षं थोडक्यात उरकतो, ती आठवायलाही नको वाटतात. मानेचे एक्स-रे, कमरेचा एमआरआय, थायरॉईड, ड जीवनसत्त्व, संधिवाताच्या रक्ततपासण्या. दर वेळी रिपोर्ट नॉर्मल. "चला, काही निघालं नाही!" असं लोक आनंदाने म्हणायचे आणि मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो. काहीतरी निघावं असं वाटणं फार वाईट असतं रे. एका डॉक्टरांनी सांगितलं, मनाचे खेळ आहेत, कामात लक्ष घाला. दुसरे म्हणाले, ही लक्षणं फायब्रोमायल्जियाची, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या आजाराची वाटतात, पण तो बायकांचा आजार, तुम्हाला कशाला होईल? आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. चार महिने घेतल्या. दुखणं होतं तिथेच राहिलं, पोट मात्र बिघडलं. त्या गोळ्या मुख्यतः सुजेवर काम करतात आणि माझ्या अंगात कुठे सूजच नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

शेवटी एका संधिवाततज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी फाईल चाळून बाजूला ठेवली आणि अंगठ्याने एकेक जागा दाबायला सुरुवात केली. मानेच्या मागे, खांद्यावर, कोपराच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या आतल्या अंगाला. कोपराशी आल्या तेव्हा मी खाली पाहिलं, त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं झालं होतं. त्या म्हणाल्या, "नख असं पांढरं पडतं तेव्हा साधारण चार किलोचा दाब असतो. तो नुसता जाणवायला हवा, दुखायला नको." मी तोवर खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

१९९० च्या निकषांत अशा १८ जागा ठरलेल्या होत्या. त्यांतल्या ११ दुखल्या आणि अंगभर दुखणं तीन महिन्यांहून जास्त चाललेलं असलं, तर फायब्रोमायल्जिया धरत. २०१० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने नवे निकष आणले. आता शरीराचे १९ भाग घेऊन कुठे कुठे दुखतं ते मोजतात, आणि थकवा, झोपून उठल्यावरही न जाणारा शीण, डोक्यात धुकं भरल्यासारखं होणं, हेही त्यात धरतात. पुरुषांच्या त्या १८ जागा बायकांच्या इतक्या हळव्या नसतात, त्यामुळे जुन्या मापात बरेच पुरुष बसतच नसत. "बायकांचा आजार" या समजुतीला त्या मापानेही हातभार लावला. माझे १९ पैकी १३ भाग निघाले. बाहेर येऊन अनघा आणि मी पायऱ्यांवर बसून राहिलो. तिला रडू आलं, मला मात्र हायसं वाटत होतं.

बाईंनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. वजनकाट्याचं पारडं रिकामं असतानाही काटा शून्यावर येत नसेल, तर त्यात काहीही ठेवलं तरी वजन जास्तच दाखवणार. माझ्या स्नायूंत जखम नाही, सांधे झिजलेले नाहीत. दुखणं मोजणारी यंत्रणाच, म्हणजे मज्जारज्जू आणि मेंदू, शून्यावर यायला तयार नाही. २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. रुग्णांच्या मेंदूत हलक्या दाबाला जी हालचाल दिसली, तशी निरोगी माणसांत दिसायला कितीतरी जास्त दाब द्यावा लागला. मी ते वाचलं आणि बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसलो. मनाचे खेळ म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांना हे नेऊन दाखवावं असं फार वाटलं. नेलं नाही.

आणि २०२१ मधलं एक संशोधन. रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, उंदरांना टोचली, तर उंदरांनाही दाब आणि गारवा सहन होईना. त्यावरून अजून उपचार निघालेला नाही, पण ते वाचलं त्या रात्री मी अनघाला झोपेतून उठवून सांगितलं.

आता औषधांबद्दल. आधी प्रीगाबालिन घेतलं. अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध, २००७ सालचं. दिवसभर गुंगी, पावलांना सूज, वजन वाढलेलं. नंतर ड्युलोक्सेटिन, त्याने मळमळ थांबेना. तेही बाईंच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करत बंद केलं, ते एकदम सोडायचं नसतं. आता रात्री अमिट्रिप्टिलिन, फक्त १० मिलिग्रॅम. जुनं नैराश्यावरचं औषध, पण इतक्या कमी मात्रेत ते झोपेसाठी आणि दुखण्यासाठी देतात. तोंड कोरडं पडतं, तेवढं चालतं. अफूच्या वर्गातली औषधं द्यायला बाईंनी साफ नकार दिला. तेव्हा राग आला होता, आज त्यांचे आभार मानतो.

तू म्हणशील, तीन औषधं झाली आणि गुण नाही? ऐक. औषधांच्या चाचण्यांत दुखणं निम्म्याने कमी झालं तर मोठा गुण धरतात, ३० टक्क्यांनी कमी झालं तर मध्यम. प्रीगाबालिनच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा असं दिसलं की खोट्या गोळीच्या तुलनेत दहा जणांमागे साधारण एकालाच जास्तीचा मोठा गुण येतो. तो एक मी नव्हतो. दुसऱ्या कुणाला तेच औषध लागू पडेल, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण "शंभर टक्के गुण, तीन महिन्यांत मुळापासून" असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पट्टे, तेलं, पुड्या, सगळं करून पाहिलं मी. दर वेळी आशा लावायची आणि नंतर, "तुम्ही पथ्य पाळलं नसणार," असं ऐकून घ्यायचं. दुखणारा माणूस काहीही करायला तयार असतो, आणि हे त्यांना नेमकं माहीत असतं.

गजर. बोटं आज लवकर ताठली.

मधे दोन दिवस लिहिता आलं नाही. रात्री धड झोपलो नव्हतो, आणि माझ्याकडे झोपेचा हिशेब लगेच होतो. टोरांटोत १९७५ साली निरोगी माणसांना गाढ झोपेतून पुन्हा पुन्हा बाहेर काढलं, तर काही रात्रींतच त्यांचंही अंग दुखायला लागलं, दाबलं की हळवं लागायला लागलं. माझं तर ते रोजचं. आता ठरलेल्या वेळी पडतो, ठरलेल्या वेळी उठतो, मग रात्र कशीही गेलेली असो. यातून खरोखर फरक पडला.

सगळ्यांत जास्त फरक मात्र ज्याने पडला, त्यावर मी सुरुवातीला विश्वासच ठेवला नव्हता. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१७ साली सगळे उपचार तपासून शिफारशी केल्या, त्यांत ठाम शिफारस एकाच गोष्टीची आहे. ती म्हणजे व्यायाम. ज्याला उभं राहायला बारा मिनिटं लागतात त्याला व्यायाम सांगणं मला क्रूरपणा वाटला. फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, "चार मिनिटं चाला." मी म्हटलं, चार मिनिटांनी काय होणार? आठव्या दिवशी अंग हलकं वाटलं, तर मी चाळीस मिनिटं चालून आलो. पुढचे पाच दिवस अंथरुणात. तिने रागावून नाही, अगदी शांतपणे सांगितलं, "काका, वाईट दिवशी थांबणं सगळ्यांना जमतं. तुम्हाला चांगल्या दिवशी थांबायला शिकायचंय."

सुहास, आयुष्यात याहून अवघड काही शिकलो नाही. तू मला कॉलेजपासून ओळखतोस, हातात घेतलेलं अर्धवट टाकणारा मी नव्हे. सकाळची स्वच्छ हवा असते, पाय चक्क ऐकत असतात, वाटतं आज जावं त्या वळणापर्यंत. आणि घड्याळ वाजतं. मी तिथेच उभा राहतो, वळणाकडे बघतो, आणि मागे फिरतो. पहिले काही महिने डोळ्यांत पाणी यायचं. आठवड्याला एक मिनिट वाढवायचं, एवढीच मुभा. अंग बिघडलं की वाढवायचं नाही, आहे तेवढंच. चाराची पंचवीस व्हायला सात महिने लागले. ते वळण आता माझ्या पंचवीस मिनिटांच्या आत येतं.

त्याच मुलीने एक वही करायला लावली. किती दुखलं ते त्यात लिहायचं नाही. काय करायचं होतं आणि काय करता आलं, तेवढंच. पहिल्या पानावर तिने मला पाच गोष्टी लिहायला सांगितल्या, ज्या परत करता आल्या तर मी म्हणेन की गुण आला. मी लिहिल्या. शर्टाची बटणं स्वतः लावणं. एक अख्खं जेवण ताठ बसून सगळ्यांबरोबर. सुहासला हाताने पत्र. धाकटीला बसस्टॉपपर्यंत पोचवणं. अनघाने न विचारता खांद्यावर हात ठेवणं.

दुखणं आजही आहे. हे लिहितानाही मनगटात ठणका आहे, आणि उद्या उजवा खांदा धरेल हे मला आत्ताच माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर आकडा सात सांगितला असता, आज पाच सांगेन, कधी सहा. पण वहीत पहिल्या दोन गोष्टींपुढे खूण झाली आहे. चौथीपुढे गेल्या महिन्यात झाली, धाकटीने माझी पिशवी धरली होती. पाचवी अजून रिकामी आहे. तिसरीपुढे आज करीन, हे पाकीट बंद केल्यावर.

पुढच्या महिन्यात येतोयस ना? दुपारनंतर ये, सकाळी माझं काही खरं नसतं. आल्या आल्या मिठी मारू नकोस, हात पुढे कर, मी धरीन. बोलता बोलता मला एखादा शब्द आठवला नाही तर तू सांगू नकोस, थोडा थांब, येतो तो. आणि संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला चल. तुला त्या वळणाच्या पलीकडे जावंसं वाटेल, पण घड्याळ वाजलं की माझ्याबरोबर मागे फिर.

वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश