४५० आणि ३०० मिळून ४५०३००

महोदय,
अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते. परवा पायथन या संगणकाच्या प्रोग्रामिंग भाषेत दोन बिलांची बेरीज केली, तर ४५० आणि ३०० मिळून आले ४५०३००! फाइलमधून वाचलेला आकडा हा मजकूरच असतो. पायथन तो शेजारी शेजारी चिकटवतं. नगांच्या आकड्यांना 'इंट' लावलं, म्हणजे मजकुराचा पूर्णांक केला, आणि जमलं. '१,२५,०००' मात्र स्वल्पविराम काढल्याशिवाय घेत नाही. देवनागरी अंक 'इंट'ला थेट चालतात, याचा फार आनंद झाला. पैशांना दशांश नेमके ठेवणारं 'डेसिमल'च हवं, 'फ्लोट' या नेहमीच्या दशांश प्रकारात ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत. आणि सोलापूरचा फोन कोड ०२१७ मजकूरच ठेवावा, नाहीतर पुढचं शून्य जातं. आपल्या पुरवणीत हे मराठीतून छापाल का? आमच्याकडच्या मुली शिकायला तयार आहेत.
– एक वाचक, सोलापूर