मेजर बदलू द्यायचा, तर निकषही बदला

माननीय केंद्रीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी जो अभ्यासक्रम व क्रेडिट आराखडा दिला, त्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलण्याची मुभा आहे. त्यासाठी मंजूर जागांवर १० टक्के जादा जागा काढता येतात, रिकाम्या जागाही या विद्यार्थ्यांना देता येतात. ही तरतूद फार मोलाची आहे. बारावीचे टक्के आणि घरच्यांचा आग्रह यांवर ठरलेला विषय मुलांनी पुढची तीन-चार वर्षं ओढत का न्यावा?

पण प्राधान्य कोणाला, तर ज्याचा सीजीपीए (एकूण सरासरी गुणांक) सर्वाधिक आणि ज्याचा एकही पेपर राहिलेला नाही त्याला. मंत्रिमहोदय, मेजर बदलायला येतं कोण? बहुतेकदा भौतिकशास्त्रात जीव न रमलेली मुलगी येते. तिची एटीकेटी, म्हणजे राहिलेला पेपर, त्याच विषयात असते, म्हणून तर ती आलेली असते. नकोशा विषयात उत्तम गुण मिळव, मग तो सोडायला देऊ, असं आपण तिला सांगतो. चांगले गुण असूनही विषय बदलू पाहणारे असतात आणि त्यांचा हक्कही तितकाच खरा आहे. मात्र ज्यांचं सगळं वर्ष पणाला लागलेलं आहे, तेच या रांगेत शेवटी उभे राहतात.

निकष हव्या असलेल्या विषयाचा लावा. पहिल्या वर्षात आवडीच्या इतर विषयांचे पेपर घेता यावेत, अशी रचना याच आराखड्यात आहे. ज्या विषयात जायचं त्यातले गुण पाहा, ते नसतील तर महाविद्यालयाने त्या विषयाची छोटी परीक्षा घ्यावी. आणि जो विषय सुटणारच आहे, त्यातली एटीकेटी आड येऊ नये.

दुसरी अडचण कुंपणाची. बदल एकाच व्यापक ज्ञानशाखेच्या आत करायचा आहे. भौतिकशास्त्रातून रसायनशास्त्रात जाता येईल, इतिहासात नाही. इकडे आयोगाच्याच २०२५ च्या नियमांनुसार बारावीला कोणतेही विषय असोत, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीला कोणत्याही शाखेत प्रवेश घेता येतो. बाहेरून येणाऱ्याला जे दार उघडलं, ते आत वर्षभर शिकलेल्याला बंद का?

जादा जागांबाबत नियमाची भाषा ऐच्छिक आहे. ६० जागांच्या वर्गात त्या सहा होतात. त्या काढायच्या की नाही, हे महाविद्यालयाच्या मर्जीवर न ठेवता बंधनकारक करा आणि प्रत्येक विभागात किती जागा आहेत ते निकालाच्या दिवशीच फलकावर लावायला सांगा.

शेवटचा मुद्दा शिष्यवृत्तीचा, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत जुनी अट आहे: राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. विषय कायमचा बांधून घ्यायच्या काळातली ही अट. ज्याची फी घरून भरली जाते तो निर्धास्त अर्ज करतो, शिष्यवृत्तीवर शिकणारा आधी परवानगीच्या फाइलचा विचार करतो. ही योजना सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे, हे ठाऊक आहे. म्हणूनच आपण त्या मंत्रालयाशी बोलावं, आणि आराखड्यानुसार केलेला मेजर बदल या अटीतून वगळल्याचा आदेश पुढच्या पहिल्या वर्षाच्या निकालाआधी निघावा, ही विनंती.

आपला,
पदवी महाविद्यालयातील एक शिक्षक